घरोघरचा इतिहास आणि गावचे वाचनालय : सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांस खुले पत्र

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळांचे सदस्य यांस,



महाराष्ट्रात दर वर्षी अशी कितीतरी पुस्तके छापली जातात, ज्यांची नावे प्रकाशकांच्या याद्यांत नसतात, ज्यांची परीक्षणे नियतकालिकांत येत नाहीत आणि जी दुकानात विकत मिळत नाहीत. निवृत्त शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास, एखाद्या घराण्याने वर्गणी काढून छापलेला कुलवृत्तांत, शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, ग्रामदेवतेच्या देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त काढलेली पुस्तिका, आजीने सांगितलेल्या आणि नातीने उतरवून घेतलेल्या आठवणी, असे हे लेखन असून ते बहुधा पदरमोड करून, काही शे प्रतींत, घरच्यांसाठी व गावकऱ्यांसाठी छापले जाते आणि एखाद्या समारंभात वाटून संपते. प्रस्तुत पत्र या पुस्तकांविषयी आहे. ते लेखकांऐवजी ग्रंथालयांना लिहिण्याचे कारण असे की, अशी पुस्तके लिहिणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. वाण आहे ती लिहून झालेले पुस्तक कायमचे ठेवून घेणाऱ्या, त्याची नीट नोंद करणाऱ्या आणि अनोळखी वाचकाशी त्याची गाठ घालून देणाऱ्या जागेची.

अशी जागा नव्याने उभारण्याची गरज नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ पासून, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून लोकाश्रयावर चालत आलेले आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांसाठी कायदा केला, पुढे राज्याने १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत केला आणि आज ‘अ’, ‘ब’, ‘क’ व ‘ड’ या वर्गांतील मिळून अकरा-बारा हजारांच्या घरात शासनमान्य ग्रंथालये राज्यात आहेत. शासकीय पुराभिलेखागारे, म्हणजे जुनी दप्तरे जतन करणारी कार्यालये, मोजक्या मोठ्या शहरांत आहेत; ग्रंथालय मात्र तालुक्याच्या आणि पुष्कळदा खेड्याच्या पातळीवर पोचलेले आहे, तेथील ग्रंथपालाला गावातली घरे ठाऊक असतात आणि गावालाही ग्रंथपाल ठाऊक असतो. स्थानिक इतिहासाच्या साधनांना याहून जवळची दुसरी संस्था नाही.

मराठीत स्थानिक वर्णनाची परंपरा मुद्रणाच्या पहिल्या पिढ्यांइतकी जुनी आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये आणि ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे इंग्रज सरकारची जिल्हावार गॅझेटियरे छापून येण्यापूर्वीच या दोघांनी आपापल्या शहराविषयी मराठी वाचकासाठी मराठीत लिहिले होते. त्यानंतरच्या पिढीत वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत शिक्षकी करता करता पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे प्रसिद्ध केली, आणि वि. का. राजवाडे यांनी वाईला हाती आलेल्या पत्रांच्या आधारे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढून पुढे बावीस खंडांपर्यंत ती माला नेली. ही साधने निघाली ती खासगी घरांतून, माळ्यावरच्या पेट्यांतून, रुमालांतून (जुनी कागदपत्रे ज्या फडक्यात बांधून ठेवत त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात) आणि बाडांतून, म्हणजे एकत्र शिवलेल्या हस्तलिखितांतून. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते अशा घरगुती दप्तरांना सार्वजनिक घर मिळावे म्हणूनही. आणि राजवाडे १९२६ मध्ये निवर्तल्यावर त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. या थोरांचे लक्ष मुख्यतः राज्यकारभार, लढाया आणि सरदार घराणी यांच्याकडे होते. सामान्य घरातील हिशेबाची वही, खंडाची पावती, बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या मुलीचे पोस्टकार्ड यांच्याकडे वळायला त्यांना सवड नव्हती, आणि ते काम अजून बरेचसे तसेच पडून आहे.

त्या कामाचा मराठीतील उत्तम नमुना म्हणून नारायण गोविंद चापेकर यांच्या ‘बदलापूर’ या १९३३ च्या पुस्तकाकडे बोट दाखवता येते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने (१९१५) महाराष्ट्रातील खेड्याची घडण सामान्य रूपात मांडली होती, तर न्यायखात्यातील नोकरी संपवून बदलापुरास राहिलेल्या चापेकरांनी एकच गाव धरले आणि ते गाव आपले आहे हे पुस्तकाच्या नावातच ‘आमचा गाव’ असे जोडून सांगितले. माणसे कोणत्या जातींची आहेत, कोण कशावर पोट भरतो, घरे कशी बांधतात, काय खातात, सण कसे साजरे करतात, देणेघेणे कसे चालते, अशा गोष्टी त्यांनी चौकशी करून, विचारून, मोजून लिहिल्या, आणि त्यामुळे आज मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या वाटेवर इमारतींनी भरून गेलेले हे शहर एके काळी खेडे असताना कसे होते, हे सांगणारा दस्तऐवज हाती उरला आहे. त्या पुस्तकाचे मोल त्यातील अभिमानात नाही. रोजच्या जगण्यातील ज्या गोष्टी सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे कोणी लिहून ठेवत नाही, त्या लिहून ठेवाव्यात असे लेखकाला वाटले, यात ते आहे. गावाचा इतिहास लिहायला बसलेला लेखक बहुधा पुराणातील एखाद्या ऋषीपासून आरंभ करतो, शिवकाळात एखादा मुक्काम घडवून आणतो आणि मग सरपंचांच्या यादीवर येतो. गावच्या बाजारात काय विकायला येई, पाणी कोठून आणत, मजुरी धान्यात मिळे की पैशांत, हे मात्र राहून जाते. वाचनालयाने चापेकरांचे पुस्तक अशा लेखकाच्या हाती दिले, तरी पुढच्या पुस्तकाची घडण बदलू शकेल.

कुलवृत्तांत हा या लेखनातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार असल्याने त्याच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या वा एका मूळ पुरुषापासून चालत आलेल्या घराण्याच्या सर्व शाखांची पिढीवार माहिती देणारा ग्रंथ. छापील कुलवृत्तांत निघण्यापूर्वीही हे काम चालूच होते: त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांनी यात्रेकरूंच्या सह्यांनिशी राखलेल्या नामावळ्या आणि कोल्हापूर-सांगली-बेळगाव या पट्ट्यात गावोगाव फिरून यजमानांच्या पिढ्या सांगणारे हेळवी हे त्याचे जुने वाहक होत. विसाव्या शतकात ते काम छापखान्याकडे आले. अशा ग्रंथाचे एखादे पान उघडले, तर प्रत्येक पुरुषापुढे क्रमांक दिसतो, त्यानंतर जन्मसाल, शिक्षण, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, पत्नीचे सासरचे नाव, तिच्या वडिलांचे गाव, आणि मग अपत्ये. ‘प्रथम संबंध’, ‘द्वितीय संबंध’ अशा शब्दांत एकाच पुरुषाचे दोन-तीन विवाह ओळीने नोंदलेले असतात. ‘बालपणी वारला’, ‘निपुत्रिक’, ‘दत्तक गेला’ असे दोन-दोन शब्दांचे शेरे असतात. घरच्या माणसाला या पानावर आपले नाव सापडले की त्याचे वाचन तेथेच संपते. अभ्यासकाचे वाचन मात्र तेथून सुरू होते, कारण पहिली पत्नी विसाव्या वर्षाच्या आत गेल्याची नोंद एकामागून एक घरांत येऊ लागली की बाळंतपणातील मृत्यूंचा इतिहास दिसू लागतो, १८९६ नंतरची प्लेगची वर्षे आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मृत्यूच्या सालांतून वर येते, सुना किती अंतरावरच्या गावांतून आल्या यावरून सोयरिकीचा परीघ कळतो, आणि कोकणातील एका वाडीतून निघालेल्या शाखा इंदूर, बडोदे, मुंबई या क्रमाने कशा सरकल्या हे पाहताना नोकरीच्या शोधातील स्थलांतराचा आराखडा मिळतो. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्याला इतके सलग साहित्य दुसरीकडे क्वचितच सापडेल.

त्याच पानावरील उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. जुन्या कुलवृत्तांतांत मुलीचे नाव, तिच्या पतीचे नाव व गाव एवढे देऊन तिचा माग सोडलेला असतो, तर सुनेचे पाळण्यातले नाव पुष्कळदा दिलेलेच नसते, म्हणजे घराण्याची निम्मी माणसे त्यात एका ओळीपुरती येतात आणि नाहीशी होतात. अलीकडच्या काही संपादकांनी मुलींच्या शाखाही देण्यास आरंभ केला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्या घराची जमीन कुळांनी कसली, त्या कुळांची, ज्यांनी विहीर खणली, गुरे राखली, घरातील धुणीभांडी केली, त्यांची नावे त्या घराच्या इतिहासात येत नाहीत, आणि हे ग्रंथ निघाले तेही मुख्यतः लिहित्या-वाचत्या जातींत निघाले. गावगाड्यातील ज्या माणसांना अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्यांचा कुलवृत्तांत कोठून असणार?

त्यांच्या बाजूची साक्ष दुसऱ्या वाटेने आली. बेबीताई कांबळे यांनी वीरगाव आणि फलटण येथील महारवाड्याचे आयुष्य लिहिले ते अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. ‘स्त्री’ मासिकातून १९८२ मध्ये ते क्रमशः येऊ लागले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाले. एका स्त्रीच्या आठवणी म्हणून वाचायला घेतलेले हे पुस्तक वस्तुतः एका वस्तीचा इतिहास आहे, त्यात घर, अन्न, बाळंतपण, देवदेवस्की, सासुरवास आणि बाबासाहेबांच्या चळवळीने आलेले भान यांची अशी नोंद आहे, जी कोणत्याही सरकारी दप्तरात मिळत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या भेटी घेऊन त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या वेळी त्यांतील अनेकजणी वृद्ध झाल्या होत्या, आणि ते काम आणखी दहा वर्षे लांबते तर ते होऊच शकले नसते. या पद्धतीला मौखिक इतिहास म्हणतात, म्हणजे ज्यांनी प्रसंग भोगला वा पाहिला त्यांच्या तोंडून, प्रश्न विचारून, ध्वनिमुद्रण किंवा टिपण करून मिळवलेली माहिती. तिच्यासाठी पदवी लागत नाही. लागतो तो वेळ, धीर, आणि सांगणाऱ्याचे वाक्य आपल्या सोयीने न बदलण्याची शिस्त.

काही ठिकाणी तर हे काम तातडीचे आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या खोऱ्यातील माणसे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. उजनीच्या धरणाने भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ तेवढे वर येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीसह लातूर-धाराशिव भागातील अनेक गावे नव्या जागी, नव्या आखणीने वसली. अशा गावांत ज्यांना जुन्या गल्लीतील घरांचा क्रम पाठ आहे, अमक्याच्या दारात चिंच, पलीकडे सुताराचा नेट, मग पार, असे जे डोळे मिटून सांगू शकतात, त्यांच्यातील बहुतेकांनी आता साठी ओलांडली आहे. अशा दोन-चार माणसांना एका टेबलाभोवती बसवून मोठ्या कागदावर जुन्या गावाचा नकाशा काढून घेणे, घरांना क्रमांक देणे आणि प्रत्येक घरापुढे राहणाऱ्यांची नावे लिहिणे, एवढे काम जवळच्या वाचनालयाने एका हिवाळ्यात केले, तरी त्या गावाच्या इतिहासाचा पाया घातला जाईल. त्यांच्यात मतभेद होतील, एकजण विहीर देवळाच्या उत्तरेस सांगेल आणि दुसरा दक्षिणेस. तेव्हा दोन्ही मते नावांनिशी नोंदवावीत.

दोन मतांचा हा प्रश्न विहिरीच्या दिशेपुरता राहत नाही, आणि वाचनालयाचे खरे काम येथेच आहे. पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत १९४८ हे साल दोन तऱ्हांनी आठवले जाते. एका घराच्या आठवणींत ते गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीचे साल असते: वाडा जळाला, पिढीजात दप्तर जळाले, कुटुंब रातोरात शहराकडे निघाले आणि पुन्हा परतले नाही. दुसऱ्या घराच्या आठवणींत त्याच सालाच्या अखेरीस आलेला कुळकायदा असतो, आणि त्यापुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, ज्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले; पिढ्यान् पिढ्या खंड भरणाऱ्या घराला त्या दिवसाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पहिल्या घराच्या पुस्तकात कूळ येत नाही, आणि दुसऱ्या घरात पुस्तक लिहिलेच गेलेले नसते किंवा लिहिले तर त्यात जळालेला वाडा येत नाही. दोन्ही घरांनी खोटे सांगितलेले नाही. परंतु ज्याला त्या गावाचे १९४८ समजून घ्यायचे आहे, त्याला दोन्ही पुस्तके एका ठिकाणी, एका तालिकेत, एका विषयनोंदीखाली मिळाली पाहिजेत, आणि ती मिळण्याची जागा ना या घराची बैठक आहे, ना त्या घराची ओसरी. घरातील आठवण दुसऱ्या घराच्या आठवणीशेजारी ठेवली गेली की तिची पारख होऊ लागते. तोवर ती घरापुरती खरी असते. म्हणून कुलवृत्तांत घेऊन येणाऱ्या घराण्याचे स्वागत करताना वाचनालयाने त्याच गावातील ज्या वस्तीतून काहीच लिहून आलेले नाही, त्या वस्तीकडे आपण होऊन जावे, तेथील वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपून घ्याव्यात आणि त्या टिपणांना छापील ग्रंथाइतकाच दाखल क्रमांक द्यावा, ही या पत्रातील पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती मूळ लेखनाविषयी आहे, आणि तिच्यासाठी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा दाखला पुरेसा आहे. ते द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, आणि परतल्यावर पुष्कळ वर्षांनी चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून ती हकीगत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये वैद्यांनी प्रसिद्ध केला तो लेखकाच्या पश्चात आणि संपादकाने बराच फेरफार करून. गोडसेभटजींनी स्वतः काय लिहिले होते, ते मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढलेल्या आवृत्तीमुळे वाचकांना कळले. हस्तलिखित जपले गेले म्हणूनच ही दुरुस्ती होऊ शकली. आज आठवणींचे पुस्तक छापून झाले की ज्या वह्यांवरून ते सिद्ध झाले त्या वह्या, ज्या पत्रांतून उतारे घेतले ती पत्रे आणि ज्या ध्वनिफितींवरून मजकूर उतरवला त्या फिती घर बदलताना रद्दीत जातात, कारण आता सारे पुस्तकात आले आहे असे घरच्यांना वाटते. पुस्तक देणगी म्हणून स्वीकारताना ग्रंथपालाने मूळ वह्यांची चौकशी करावी, आणि घर त्या देण्यास राजी नसेल तर निदान त्यांची छायाचित्रे मागून घ्यावीत. कागद स्वीकारल्यावर चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन करू नये, कारण चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करून खातो आणि लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. कोरड्या जागी, सुती फडक्यात किंवा आम्लरहित कागदात, टाचण्या व क्लिपा काढून ठेवणे हा उपाय कमी खर्चाचा आणि अधिक सुरक्षित आहे.

जुन्या कागदांना अचानक किती मोल येऊ शकते, याचा अनुभव राज्याने नुकताच घेतला आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा कोतवाल बुके, म्हणजे गावातील जन्ममृत्यूंची जुनी नोंदपुस्तके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे आणि महसुली कागद बाहेर निघाले. त्यांतील पुष्कळसे मोडीत होते, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी व्यवहारात चालणाऱ्या धावत्या लिपीत, आणि ती वाचणाऱ्यांची चणचण सर्वत्र जाणवली. आरक्षणाच्या प्रश्नाविषयी कोणाचे मत काहीही असो, आपल्याच पणजोबांची नोंद वाचण्यासाठी माणसे परक्याच्या दारात उभी राहिली, ही वस्तुस्थिती आहे. तालुक्याच्या वाचनालयात मोडी वाचनाचा वर्ग भरवणे हे यापुढे हौशी माणसांपुरते काम मानता येणार नाही.

आता पुस्तकांच्या वाटपाविषयी. ‘खासगी वितरणासाठी’ असा शिक्का असलेले पुस्तक नातेवाइकांच्या कपाटात जाते आणि एका पिढीनंतर त्याची एकही प्रत कोठे आहे हे सांगता येत नाही. वस्तुतः पुस्तके प्रदान करण्याविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील निर्धारित ग्रंथालये यांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. परंतु पदरमोड करून पुस्तक छापणाऱ्या शिक्षकाला आपण कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक आहोत याची कल्पनाच नसते. पुस्तकाला द्यावयाचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. ही माहिती एका पानावर छापून वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावणे आणि गावातील डीटीपी करणाऱ्यांकडे देणे, एवढ्यानेही फरक पडेल. छपाईसाठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असेल, तर संगणकावर ती फाइल उघडली तरी त्यातील एकही नाव शोधता येत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, हा सल्लाही त्याच पानावर असावा. आणि सूची हवी. व्यक्तिनामांची व स्थलनामांची सूची नसलेला चारशे पानांचा ग्रंथ घराबाहेरच्या वाचकाला जवळपास मिटलेलाच राहतो, आणि ती करायला घरातील दोन तरुणांना पंधरवड्याहून अधिक वेळ लागू नये.

ग्रंथालयाच्या बाजूने करावयाचे काम थोडे आहे, पण ते नेमाने व्हावे लागेल. अशी पुस्तके देवघेव विभागातील कादंबऱ्यांत मिसळली की हरवतात, म्हणून त्यांचे वेगळे कपाट व वेगळी तालिका असावी, दशांश वर्गीकरणातील वंशावळींचा ९२९ हा क्रमांक देऊन भागत नसल्यामुळे तालिकेत गावाचे नाव हटकून यावे, आणि त्यांना निर्लेखनातून, म्हणजे जीर्ण पुस्तके दाखल नोंदवहीतून कमी करण्याच्या प्रक्रियेतून, ठरावाने वगळावे. जीर्ण म्हणून निकाली काढलेली स्मरणिका ही त्या शाळेच्या पहिल्या शिक्षकांच्या नावांची शेवटची प्रत असू शकते. शेजारच्या वाचनालयांनी आपापल्या याद्या एकत्र करून जिल्ह्याची यादी केली, तर कोणते पुस्तक कोठे आहे हे निदान कळेल. घरबसल्या वाचता येईल अशी संगणकीय प्रत हा त्याच्या पुढचा टप्पा.

त्या टप्प्यासाठी आणि घरांचा विश्वास टिकण्यासाठी लेखी परवानगीचा प्रश्न आधीच निकाली काढला पाहिजे. भारतीय कायद्यानुसार हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे लेखक समोर बसलेला असताना न घेतलेली परवानगी पुढे चार शहरांत विखुरलेल्या वारसांकडून मिळवावी लागते; आणि पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याच्या घरचा असला, तरी मजकुरावरील हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. याहून नाजूक बाब हयात माणसांची आहे. दत्तकविधान, मोडलेले लग्न, मनाचा आजार, भावकीतील खटला यांविषयी घरातील एकाने लिहिलेले दुसऱ्याला जखम करू शकते, आणि ही भीती वाटल्यामुळेच पुष्कळ वह्या जाळल्या जातात. त्यावर मुदतबंद स्वीकार हा तोडगा आहे, म्हणजे अमुक वर्षापर्यंत हे कागद कोणालाही दाखवले जाणार नाहीत अशा अटीवर ते घेऊन मोहोरबंद ठेवणे. घराला ही सोय आहे हे कळले, तर जाळण्याऐवजी देण्याकडे त्याचा कल होईल.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारी मंडळांनी या संग्रहासाठी एक ठराव आणि एक पावतीपुस्तक मंजूर करावे. पावतीवर देणाऱ्याचे नाव आणि कागदांची यादी यांखेरीज चार रकाने असावेत: मूळ प्रत दिली की छायाचित्र, माहिती कोणी, केव्हा व कोणाच्या तोंडून ऐकून लिहिली, संगणकीय प्रत सर्वांसाठी खुली करण्यास परवानगी आहे किंवा नाही, आणि काही भाग बंद ठेवायचा असल्यास कोणत्या तारखेपर्यंत. पावतीची एक प्रत देणाऱ्याच्या हाती द्यावी, दुसरी दाखल नोंदवहीत चिकटवावी.



स्थानिक इतिहासाचा एक वाचक